धडधड फलाटावर लागली आहे

आमचे घरमालक पत्ता सांगायचे तो दवाखान्यांवरून. "द्वारका चौकातून सरळ निघा. डाव्या हाताला हृदयाचा दवाखाना, चोवीस तास उघडा, स्वतःची अँब्युलन्स. तो सोडा. पुढे हाडांचा लागेल, तो आपल्या उपयोगाचा नाही. मग बाळंतपणाचा. तिथे ऑक्सिजन असतो. त्याच्यासमोरच्या गल्लीत शेवटून दुसरं घर आपलं." भाड्याची जागा बघायला मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा मला हा पत्ता मिळाला. गृहस्थ औषध कंपनीत असावेत, असा मी अंदाज केला.

अंदाज चुकला. काका नाशिकच्या बसस्टँडवरचे कंट्रोलर होते, नुकतेच निवृत्त झालेले. चौकशीच्या खिडकीत बसून त्यांनी उभ्या जिल्ह्याच्या गाड्या सोडल्या होत्या. निवृत्तीनंतर खिडकी गेली, आवाज राहिला. सकाळी खालच्या मजल्यावरून तो आवाज जिन्याने वर यायचा: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चहा फलाट क्रमांक एकवर लागला आहे." यावर काकूंचं उत्तर ठरलेलं असे, "मग प्रवाशाने उठून घ्यावा. इथे हमाल नाहीत."

त्यांची कामाची एक रीत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. ते कधीही 'गाडी रद्द' असं सांगत नसत. "उशिराने सुटेल" म्हणायचं, किती उशिराने ते माहीत असेल तर सांगायचं, माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगायचं. "माणूस उशीर सहन करतो हो," ते मला म्हणाले होते. "रद्द म्हटलं की घरी जातो. मग दुसरी गाडी लावली तरी उपयोग नाही, माणूसच नसतो." मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉस्टिंगचं काम बघते. आमच्याकडे उलट असतं, माहीत नसलेला आकडाही कोणीतरी छातीठोकपणे सांगतो. त्यामुळे काका मला पहिल्यापासून आवडले.

गंमत म्हणजे हा माणूस स्वतः बसमध्ये बसत नसे. रिक्षात बसे, तेही उतरायच्या मोकळ्या बाजूला. सुरगाण्याला कसं जायचं विचारा, कुठल्या गावी गाडी चहाला थांबते तिथपर्यंत सगळं तोंडपाठ. पण त्यांचं स्वतःचं नाशिक एका बाजूला आडगाव नाक्याला संपत होतं आणि दुसऱ्या बाजूला पाथर्डी फाट्याला. मधल्या भागात दवाखाने भरपूर होते. त्यापलीकडे ते जात नसत. कोणी विचारलं तर म्हणत, "गुडघा." गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते लिफ्ट सोडून जिन्याने जायचे.

बाहेर निघताना खांद्याला एक कापडी पिशवी. तिच्यात पाण्याची बाटली, ग्लुकोजची पुडी, लिमलेटच्या गोळ्या, ओला करायला रुमाल आणि प्लास्टिकच्या पाकिटात घडी घातलेले त्यांचे सगळे ईसीजी. ईसीजी ते एखाद्याला सहज दाखवत. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे. "हा दिवाळीतला. हा पाहुणे आले होते तेव्हाचा. हा बघा, एकदम सरळ." मी सगळे एकदा टीपॉयवर शेजारी शेजारी मांडून बघितले. मला त्यातलं काही कळत नाही, पण सगळे सारखे दिसत होते एवढं कळलं. तसं मी म्हटलं. ते म्हणाले, "तेच तर. पुढचा वेगळा निघेल."

आणि चपला. काका दुसऱ्याच्या घरी चपला काढत नसत. उद्धटपणा नव्हता, आत जातच नसत. लग्नाला गेले तर मांडवाच्या कमानीजवळ उभे, हातात ताट. आमच्याकडे चहाला बोलावलं तर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसत, आणि आमच्या उंबऱ्यातून मी त्यांना कप द्यायची. "इथे हवा येते," म्हणत. नवरा एकदा चेष्टेने म्हणाला, "काका, घर तुमचंच आहे, आत या की." तर ते म्हणाले, "घर माझंच आहे म्हणून सांगतो, आत हवा नाही." बिनपट्ट्याच्या, पाय सरकवला की घालून होतील अशाच चपला ते घेत. घरात त्या दाराकडे तोंड करून ठेवलेल्या असत.

आम्ही सगळे हसत असू. कॉलनीतही सगळे हसत, पण प्रेमाने. आणि सगळे सांभाळून घेत. लग्नाच्या मांडवात त्यांची खुर्ची कमानीशी लागे. रिक्षावाला आपण होऊन सरकून बसे. काकू भाजी आणायला एकट्या जात, माहेरी एकट्या जात, लेकीच्या घरी एकट्या जात.

लेकीचं घर ही मात्र हसण्याची गोष्ट नव्हती.

वैशाली त्यांची एकुलती एक. तिला सटाण्यापलीकडच्या नामपूरला दिली होती. जावई तिथल्या शाळेत शिक्षक, व्याह्यांची थोडी शेती, कांद्याची. लग्न नाशिकला झालं, काका कमानीजवळ उभे होते. त्यानंतर ते नामपूरला एकदाही गेले नाहीत. दर वेळी काहीतरी निघायचं. गुडघा निघायचा. तिकडे त्याचा अर्थ वेगळा लागला. वैशालीची सासू एकदा काकूंना सरळ म्हणाली, "भाऊंना आमचं गाव बारीक वाटत असन. शहरातली मानसं, चालायचंच." काकू काय बोलणार? खरं कारण त्यांनाही नावानिशी माहीत नव्हतं. "ह्यांना भ्या वाटतं" असं व्याह्यांना सांगायचं का? आणि कशाचं भ्या, तर कशाचंच नाही.

त्याच सुमारास एका रविवारी दुपारी काका जिना चढून आमच्या दाराशी आले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, एक हात छातीवर. "गाडी काढ," एवढंच म्हणाले. मी गाडी काढली. मागे काकू बसल्या. रस्ताभर ते बोटं उघडत-मिटत होते. "मुंग्या आल्यात. हे हात माझे वाटत नाहीत. श्वास पुरत नाहीये. आता जातो मी." मी घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा मी सिग्नल तोडला आणि ते माझ्या अजून लक्षात आहे.

दवाखान्यात तातडीच्या विभागातली नर्स त्यांना बघून म्हणाली, "या काका. आज बऱ्याच दिवसांनी?"

तेव्हा मला कळलं की मी सोडून सगळ्यांना हे माहीत होतं.

ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक. तोवर काकाही ठीक झाले होते, थोडे ओशाळले होते. पाळीवरचा तरुण डॉक्टर स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "काका, छातीत असं झालं की पहिल्यांदा हृदय तपासायचंच, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण तुमचं इतक्यांदा तपासून झालंय, फिजिशियनने बघितलंय, थायरॉइड बघितलंय. हृदय चांगलं आहे. हा पॅनिक अटॅक आहे. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा."

काका ताडकन उठून बसले. "मी वेडा आहे का?"

"तुम्ही नाही," काकू म्हणाल्या. "आम्हाला करून सोडाल."

पुढे काही दिवस मी त्यांच्याशी माझ्या पद्धतीने वाद घातला. माझी पद्धत म्हणजे हिशेब. हृदय तपासलंय, रिपोर्ट चांगले आहेत, तेव्हा नामपूरच्या वाटेवर नेमका त्याच तासात झटका येण्याची शक्यता किती? लाखात एक धरा. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मान्य. आता तो एक कोण, ते सांग."

आकडा बरोबर होता, पण भीती आकडा ऐकत नव्हती. गल्लीतल्या इतरांनीही आपापले उपाय सुचवले. कोणी म्हणालं, पहाटे फिरा. कोणी म्हणालं, विपश्यनेला जा, मन शांत होईल. काकांच्या घरात हॉलमध्ये बुद्धमूर्ती, सकाळची वंदना कधी चुकत नसे, त्यामुळे हा सल्ला त्यांनी थोडा वेळ गंभीरपणे घेतला. मग विचारलं, "दहा दिवस बोलायचं नाही म्हणता. मग अटॅक आला तर सांगू कसा?"

वैशालीचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. मुलगी झाली. ते महिने काकांच्या आयुष्यातले सर्वांत चांगले असावेत. बाळ रडलं की खालून घोषणा ऐकू येई, "दूध फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी घाई करू नये." बाळ त्या आवाजाला खरोखर गप्प व्हायचं. मग वैशाली बाळाला घेऊन सासरी गेली. जाताना व्याह्यांनी सांगितलं, नामकरण नामपूरला करू, उन्हाळ कांदा निघाला की, सगळ्या भावकीसमोर.

एका संध्याकाळी मी खाली काकूंकडे दही न्यायला गेले होते तेव्हा वैशालीचा फोन आला. काकू फोन स्पीकरवर ठेवतात, त्यांना कानाशी धरलेलं आवडत नाही. वैशाली आवाज न चढवता बोलत होती.

"पप्पा, दिवस ठरला. तुम्ही येताय ना?"

"येतो की. गुडघ्याचं बघून..."

"गुडघ्याचं राहू द्या. पप्पा, मी दर वेळी इथे सांगते की या खेपेला नक्की येतील. मग आई एकटी उतरते गाडीतून. सगळे माझ्याकडे बघतात. मी आता एकदाच सांगते. या वेळी नाही आलात तर मी रागावणार नाही. पण परत बोलावणारही नाही. मला ते जमत नाही आता."

फोन बंद झाला. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या डोक्याच्या डॉक्टरचा पत्ता काढ."

"कुठल्या भागातला चालेल?" मी विचारलं.

"आडगाव नाक्याच्या अलीकडे," ते म्हणाले.

डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. काकांनी काकूंबरोबर मलाही आत बसवून घेतलं, कारण "ही नीट ऐकते, नंतर सांगेल." खरं कारण हे, की दाराजवळच्या खुर्चीत बसून दार किलकिलं ठेवायला कोणीतरी हवं होतं. बाईंनी ते ओळखलं. म्हणाल्या, "दार उघडंच राहू द्या." आणि विचारलं, "पहिल्यांदा कधी झालं?"

हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आम्हीसुद्धा.

काका म्हणाले, "वणीच्या रस्त्याला. तेव्हा मी कंडक्टर होतो. यात्रेची ड्युटी. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. तिकिटं फाडत फाडत मी मागच्या सीटपर्यंत गेलो. दार पुढे. आणि एकदम छाती अशी धडधडायला लागली की बाजूच्या बाईला ऐकू जाईल असं वाटलं. हातपाय गार. डोळ्यांपुढे सगळं लांब गेल्यासारखं. मला वाटलं, मी इथे मरणार आणि मला दारापर्यंत पोचताही येणार नाही. एवढी माणसं मध्ये. मी ओरडलो, गाडी थांबवा. थांबली. खाली उतरलो आणि बरा झालो. लोक म्हणाले, कंडक्टरला अंगात आलं." ते थोडं हसले. "मग मी साहेबांच्या हातापाया पडून खिडकीतलं काम मागून घेतलं. खिडकीच्या खोलीला आतून कडी नव्हती."

बाईंनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. शरीरात धोक्याची सूचना देणारी सोय असते. समोर वाघ आला तर ती हृदय जोरात चालवते, श्वास वाढवते, रक्त हातापायांकडे वळवते. काही माणसांत ही सोय वाघ नसतानाच सुरू होते. त्यातून धडधड, घाम, कंप, मुंग्या, गुदमरणं, चक्कर, आणि आता मरणार किंवा वेड लागणार अशी खात्री. ती चढते, टोकाला जाते आणि आपोआप उतरते. त्याने माणूस मरत नाही. पण एकदा होऊन गेलं की माणसाला 'परत होईल' याचंच भय बसतं. मग तो ती जागा टाळतो, मग तशा सगळ्या जागा टाळतो, आणि त्याचं जग आवळत जातं. चिंतेचा आजार एकाच तोंडवळ्याचा नसतो. कोणाला दिवसभर सगळ्याचीच काळजी लागून राहते, झोप उडते, मान-खांदे आखडतात. कोणाला चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. काकांचा प्रकार अचानक येणाऱ्या झटक्याचा.

काकांनी विचार करून विचारलं, "म्हणजे गाडी नसताना भोंगा वाजतोय."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "भोंगा खरा आहे. तुम्ही नाटक करत नाही. फक्त गाडी नाही."

"खरा आहे ना?" त्यांनी परत विचारलं. बाई हो म्हणाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. इतक्या वर्षांत त्यांना 'काही झालेलं नाही' असं सगळ्यांनी सांगितलं होतं. 'झालं आहे, पण हे झालं आहे' असं पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं.

मग बाई काकूंकडे आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सगळे यांना फार सांभाळता. खुर्ची कमानीशी, कप जिन्यावर. यांना वाटतं, खुर्ची कमानीशी होती म्हणून आज वाचलो. आता हळूहळू ते काढून घ्यायचं." मला कप आठवला. मी उंबऱ्यातून कप देत होते आणि त्याला माया समजत होते. मायाच होती, पण तिचा उपयोग उलटा होत होता.

गोळ्या सुरू झाल्या. काकांनी डब्यातला बारीक अक्षरांचा कागद भिंग लावून मोठ्याने वाचला. "सुरुवातीला घाबरल्यासारखं वाटू शकतं. मग मी आत्ता काय वेगळं करतोय?" बाईंनी धीर धरायला सांगितलं होतं, गोळ्यांना काही आठवडे लागतात. बरोबरीने सराव. पहिल्या रविवारी मी त्यांना आडगाव नाक्याच्या पलीकडे नेलं, चहा प्यायलो, परत आलो. मग ओझर. मग पिंपळगाव. एका खेपेला ओझरला जाऊन ते गाडीतून उतरलेच नाहीत आणि मी गाडी तशीच परत आणली. पुढच्या खेपेला उतरले. ईसीजीचं पाकीट घरी राहायला लागलं, ते ठेवताना मात्र बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवत. आमच्याकडे चहाला आले तेव्हा मी कप आत ठेवला आणि आतूनच हाक मारली. ते उंबऱ्यावर उभे राहिले. "हवा नाही," म्हणाले. "नाहीच आहे," मी म्हटलं, "पण चहा इथे आहे." त्या दिवशी ते एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून चहा प्यायले. चपलांसकट.

नामकरणाच्या दिवशी सकाळी मी गाडी पुसून तयार ठेवली. काकू नऊवारी नेसून, हातात बाळाच्या कपड्यांची पिशवी घेऊन फाटकात. काका पांढरा शर्ट घालून पायरीवर बसलेले.

"आजची गाडी रद्द," ते म्हणाले.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "काका, रद्द शब्द तुमच्या खिडकीत कधी नव्हता."

ते घोषणेच्या नव्हे, साध्या आवाजात म्हणाले, "उशिराने सुटेल." आणि खरंच, बऱ्याच उशिराने सुटली.

पिंपळगावपर्यंतचा रस्ता सरावाचा होता. पुढे सोग्रस फाट्याला हायवे सोडून आम्ही देवळ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना डोंगर जवळ आले. भावडबारीचा घाट लागला आणि मला बाजूने तो ओळखीचा आवाज आला, श्वास अर्धवट ओढल्याचा.

"फिरव गाडी."

"काका..."

"फिरव म्हणतो ना! मागे चांदवड आहे, चांदवडला दवाखाना आहे. इथे काय आहे? इथे कोण आहे?"

मी गाडी कडेला घेतली, पण फिरवली नाही. बाईंनी सांगितलं होतं, पळू नका, आहे तिथे थांबा, येऊ द्या आणि जाऊ द्या. सांगणं सोपं असतं. काकांचे ओठ पांढरे झाले होते, बोटं वाकडी होत होती. माझ्याच छातीत धडधडायला लागलं. समोरून कांद्याचा ट्रॅक्टर आला, हळू झाला. वर बसलेल्या माणसाने विचारलं, "काय झालं वं ताई? पंक्चर हाय का?"

"नाही बाबा," मागून काकू म्हणाल्या, "गाडी फलाटाला लागलीय." तो माणूस काही न कळून निघून गेला. आणि मग काकूंनी पुढे वाकून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐका. जन्मभर लोकांच्या गाड्या सांगितल्यात. आज तुमच्या सांगा. काय काय लागलंय, बोला."

काकांनी मान हलवली. नाही, नाही.

"बोला म्हणते ना. माणसं खोळंबलीत."

"प्रवाशांनी..." आवाज फुटेना. त्यांनी परत सुरुवात केली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. छातीत धडधड... फलाट क्रमांक एकवर लागली आहे."

"बरं. दोनवर?"

"दोनवर मुंग्या. हातापायाच्या. तीनवर... श्वास. श्वास अपुरा."

"आणि चारवर?"

काकांनी डोळे मिटले. "आता मरणार असं वाटणारी... फलाट चार. विनावाहक, विनाथांबा."

काकू म्हणाल्या, "विनाथांबा म्हणजे थांबणार नाही ना ती इथे?"

काकांनी एकदम डोळे उघडले. वाद कामाच्या नियमाचा होता, तिथे त्यांना चूक चालत नसे. "नाही," ते म्हणाले. "जाईल."

आम्ही तिघं त्या घाटात बसून राहिलो. मी घड्याळाकडे बघितलं नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. काका मधून मधून सांगत होते. "चारची सुटली." मग बऱ्याच वेळाने, "मुंग्या निघाल्या, दोन रिकामा." मग, "धडधड अजून उभीच आहे. ड्रायव्हर चहाला गेला असेल." काकू हसल्या, मी हसले, आणि हसता हसता काकांनी एक पूर्ण श्वास घेतला. पोटापर्यंत गेलेला. त्यांनाही तो कळला. त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि डोंगराकडे बघून म्हणाले, "चल. धडधडीला घेऊनच जाऊ. वाटेत उतरेल."

देवळ्याचा दवाखाना त्यांनी बघितला आणि जाऊ दिला. सटाणा मागे पडलं.

नामपूरला मांडव होता, माणसं जमली होती, आणि सगळे थांबले होते. व्याही पुढे आले. उन्हाने रापलेला उंच माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. मला वाटलं, आता टोमणा येणार. ते म्हणाले, "जयभीम याही. या, बठा. तुमना बिगर नाव कसं ठेवानं?" वैशालीची सासू मात्र दारातूनच म्हणाली, "आला का गुडघा?" त्यावर काका म्हणाले, "गुडघा घरी ठेवला, बाई. खोटा होता." मग सगळ्यांदेखत एवढंच सांगितलं, "मला घाबरण्याचा आजार आहे. औषध चालू आहे. तुमच्या गावाचा काही दोष नव्हता." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि मग म्हणाल्या, "अवो, मग आधी सांगायचं का नाही भाऊ? माझी बहीनबी तशीच हाय. आम्ही समजलो तिला बाहेरचं लागलं."

तेवढ्यात आतल्या खोलीत बाळ रडलं. काका उठले आणि सरळ आत गेले. लोकांमधून वाट काढत, उंबरा ओलांडून, आतल्या खोलीत, जिथून दार दिसतही नव्हतं. मी मागून गेले. ते पाळण्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि वैशाली दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून उभी होती. मग मांडवात वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, आणि नाव सांगायची वेळ आली तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "जोरात सांगा, ऐकू येत नाही." वैशाली म्हणाली, "पप्पा, तुम्ही सांगा." माइक नव्हता. यशोधरा हे नाव मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट पोचलं. बाळ रडायचं थांबलं.

निघताना एक अडचण झाली. दारात चपलांचा ढीग होता आणि काकांना त्यांच्या चपला सापडेनात. ते ढिगापुढे उभे राहून गोंधळून बघत होते. असल्या ढिगात चपला शोधायची त्यांना सवयच नव्हती. आपण त्या कधी काढल्या हेही त्यांना आठवत नव्हतं. पोरंटोरं कामाला लागली, पण चपला कोणाच्या तरी पायातून गेल्या होत्या. शेवटी व्याह्यांनी स्वतःच्या पुढे केल्या, जाड टायरच्या तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या. "मन्या चपला घाली ल्या, याही." काकांना त्या मोठ्या होत होत्या. पट्टा लावायला त्यांना खाली वाकायला लागलं आणि वेळ लागला. तो त्यांनी घेतला.

पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, "काका, त्या चपला द्या, नामपूरच्या गाडीत ड्रायव्हरजवळ देऊन पाठवते."

"पाठवायच्या कशाला?" ते म्हणाले. "नेऊन देईन."

आता आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तरी दिवाळीला त्यांच्याकडे जाणं होतं. काका पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. गोळी चालू आहे, अधूनमधून एखादी धडधड फलाटाला लागते आणि काकू ती सुटेपर्यंत शेजारी बसतात. पत्ता ते अजून दवाखान्यांवरूनच सांगतात. पण नामपूरला ते जातात, बसने, दाराजवळच्या सीटवर बसून. आणि दर वेळी त्याच चपला घालून जातात, आणि त्याच घालून परत येतात.

"दिल्या नाहीत अजून?" मी विचारते.

"विसरलो," काका म्हणतात. "परत जावं लागणार."